व्यसनी माणूस आणि त्याचे गाव

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडच्या आसपासच्या भिंती पाहिल्या तर एक जाहिरात बहुधा दिसतेच. 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न कळत.' खाली एक फोन नंबर असतो. चहातून, भाजीतून पूड द्यायची, आणि महिन्याभरात नवरा माणसात येईल असा एकूण वायदा. ज्या घरात रोज संध्याकाळी भांडी आपटतात त्या घरची बाई ही जाहिरात दोनदा वाचते. तिच्यापुढे आणखीही वाटा असतात. कोणी सांगते, पंढरपूरला नेऊन माळ घाला. कोणी सांगते, पुण्याला केंद्र आहे तिथे ठेवा. कोणी सांगते, चार पोरे बोलावून चांगला बदडून काढा. ह्यातली कोणती वाट धरायची? चुकीची धरली तर पैसा जातो, उमेद जाते आणि कधी कधी माणूसही जातो.

वाचकहो, ह्या सगळ्या वाटा आपल्या मुलखात केव्हा ना केव्हा चालून पाहिलेल्या आहेत. कोणती कुठवर पोहोचली ह्याचा इतिहास आहे. निवड करण्याआधी तो इतिहास थोडक्यात पाहून घेणे उपयोगाचे होईल. आपण तो जामखेडला उभे राहून पाहू. कारण केंद्रात गेलेल्या माणसाला शेवटी परत यायचे असते ते आपल्या गावीच.

सुरुवात सरकारापासून करू. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा झाला. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्त्याने देणे आणि त्यावर कर वसूल करणे ही त्याची रीत. सरकारच्या हिशोबी पिणारा माणूस म्हणजे गिऱ्हाईक होता. दारूच्या दुकानांविरुद्ध आपल्याकडे बोलणारे लोक तेव्हापासूनच आहेत. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये जोतीराव फुले ह्यांनी शहरात वाढणाऱ्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले होते. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. ह्या चळवळी मोलाच्या होत्या, पण त्यांची नजर दुकानावर होती. दुकानातून झोकांड्या खात बाहेर पडणाऱ्या माणसाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारलेला दिसत नाही.

अफूचीही गोष्ट तशीच. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना 'बाळगोळी' देत असत. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर झोपून राही आणि आईला पाळी करता येई. ह्यात आईचा दुष्टपणा नव्हता. मूल सांभाळायला घरी माणूस नव्हते, एवढेच त्याचे कारण होते. व्यसनामागे पुष्कळदा अशी एखादी अडचण उभी असते, हे ह्या गोळीने फार पूर्वी दाखवून दिले होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारने ठरविले की दहा वर्षांत अफूचे औषधाखेरीज इतर सेवन बंद करायचे. जुन्या अफूबाजांची नावे नोंदवून त्यांना मोजकी मात्रा देण्याची सोय झाली. कायद्याच्या वहीत व्यसनी माणूस आजारी म्हणून थोडाफार दिसू लागला तो असा.

त्याच वर्षी मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. हेतू उदात्त होता. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही तो आहे. पण जामखेडचे पाहा. ह्या तालुक्याला लागूनच बीड जिल्हा. जामखेड मुंबई राज्यात, आणि बीड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. म्हणजे एका शिवारात मुंबईचा दारूबंदी कायदा आणि बांधापलीकडच्या शिवारात तो लागूच नाही! आणि बांध ओलांडायची गरज तरी कुठे होती? काळा गूळ, नवसागर आणि ओढ्याकाठची एक चूल एवढ्यावर हातभट्टी लागते. कायद्याने पिणारा गिऱ्हाईकाचा गुन्हेगार झाला. रुग्ण मात्र झाला नाही. पुढे परवान्याची पद्धत सैल होत गेली. हातभट्टी राहिली, तिचे विषही राहिले. २०१७ च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातल्या पांगरमल गावी विषारी दारूने माणसे दगावली, ते जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही.

म्हणून कायदा नकोच असे नाही. दारू सहज हाताशी नसली की नवीन पोरे तिच्या नादी कमी लागतात. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर परवान्याचे दुकान बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे, आणि बायकांनी तिचा उपयोग करूनही दाखविला आहे. परंतु दुकान बंद होणे ही एक गोष्ट, आणि ज्याचे हात सकाळी घोट घेतल्याशिवाय थरथरायचे थांबत नाहीत त्याचा इलाज ही दुसरी.

आता माळेकडे वळू. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्यमांस सुटले, हा दंडक किती शतकांचा आहे! गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले आणि ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे शपथा घेतल्या. शिकलेले लोक ह्याला भाबडेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. माळेबरोबर माणसाला काय काय मिळते ते पाहा: पंधरा दिवसांनी येणारी एकादशी, संध्याकाळचे भजन, वर्षाची वारी आणि न पिणाऱ्यांची संगत. ज्या वेळी गुत्त्याकडे पाय वळत त्याच वेळी टाळ हातात येतो. माळ टिकते ती बहुधा ह्या संगतीमुळे. नुसती शपथ घालून माणसाला पुन्हा त्याच पारावर, त्याच मित्रांत सोडून दिले तर माळ खुंटीवर जायला वेळ लागत नाही.

हेच मर्म सातासमुद्रापार दोन पिणाऱ्यांना वेगळ्या मार्गाने सापडले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरी एक शेअरबाजारवाला आणि एक शस्त्रवैद्य एकमेकांना भेटले. दोघेही दारूने बुडालेले. दुसऱ्या पिणाऱ्याला सावरायला गेले की आपलीही दारू लांब राहते, हा अनुभव त्यांना आला आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे लोकांच्या तोंडची 'ए. ए.' ही संघटना उभी राहिली. १९५७ च्या सुमारास ती हिंदुस्थानात आली. तिथे फी नाही, आडनाव नाही. 'मी दारुडा आहे' असे उभे राहून सांगायचे आणि आजचा एक दिवस प्यायचे नाही एवढेच ठरवायचे. आज मराठीतही तिच्या सभा भरतात. कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' ही वेगळी सभा असते.

डॉक्टरी इलाजाचीही प्रगती ह्याच काळातली. १९४७-४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये पोटातल्या जंतांवर औषध शोधणाऱ्या दोघा संशोधकांनी एक औषध स्वतः घेऊन पाहिले, आणि त्यानंतर दारू घेतल्यावर त्यांना भयंकर मळमळू लागले. त्या औषधाचे नाव डायसल्फिराम. ज्याने राजीखुशीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली ते घेतले त्याला त्याचा आधार होतो. आज गोळी घेतली म्हणजे आज पिता येणार नाही. पण हेच औषध नकळत चहातून दिले आणि वर त्याने दारू प्यायली, तर छातीत धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी प्राणाशी गाठ पडते. भिंतीवरच्या त्या जाहिरातीच्या पुडीत काय आहे हे तुम्हांला कोणी सांगत नाही. म्हणून ती वाट पहिल्यांदा सोडून द्या. फसवून दिलेल्या औषधाने नवऱ्याचा बायकोवरचा विश्वास जातो तो वेगळाच, आणि पुढे खऱ्या उपचाराला तोच विश्वास लागतो.

यानंतर आपल्या राज्यातले मोठे पाऊल आले ते पुण्यात. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे 'गर्द' आले आणि बघता बघता कॉलेजची पोरे त्यात सापडली. अनिल अवचट ह्यांनी गर्दवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांनी पैसा पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. ते चालविण्याची धुरा डॉ. अनिता अवचट ह्यांनी उचलली. त्या स्वतः त्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. औषधाने अंगातले विष उतरले म्हणजे काम संपले असे न मानता काही आठवडे माणसाला तिथे ठेवायचे, त्याला कामाची आणि बोलण्याची सवय लावायची, बायकोला आणि आईबापांना बोलावून घ्यायचे, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा ठेवायचा, अशी ही रीत. स्वतः व्यसनातून उठलेली माणसे तिथे समुपदेशक झाली. डॉ. अनिता १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. मुक्तांगणचे काम चालू आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातली, अवघड वाटणारी गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला १९७५ नंतर अण्णा हजारे ह्यांनी दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या आणि गाव सावरले. पाणी अडले, शिवार हिरवे झाले. त्याच गावात पिऊन आलेल्याला खांबाला बांधून मारले जाई, हीही गोष्ट लपलेली नाही; अण्णांनी ती स्वतःच सांगितलेली आहे. आता तुम्ही म्हणाल, गाव तर सुधारले ना? सुधारले. पण का सुधारले हे नीट पाहिले पाहिजे. भट्ट्या गेल्या, हाताला काम आले, सगळे गाव एका विचाराने उभे राहिले. एवढ्या गोष्टी जमल्यावर खांबाचा वाटा किती उरतो? खांब तेवढा उचलून दुसरीकडे नेला तर हाती फक्त मारहाण येते. दुर्दैवाने काही ठिकाणी 'केंद्र' म्हणून चालणाऱ्या जागांत नेमके हेच नेलेले आहे. कुलूप, साखळी आणि पट्टा ह्यांना तिथे उपचार म्हणतात.

ह्यावर आता कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे विकारही धरलेले आहेत. साखळदंड घालायला त्यात साफ मनाई आहे. रुग्णाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण आहे, त्याची माहिती गुप्त ठेवण्याचा आणि नातलगांशी बोलण्याचा हक्क आहे. असे उपचार करणाऱ्या संस्थेने नोंदणी केलेली असली पाहिजे. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांच्या अर्जावर त्याला ठेवता येते, पण त्यालाही डॉक्टरांची तपासणी आणि मुदत आहे. 'सहा महिने सोडू नका, वर्षाचे पैसे घ्या' असे म्हणून माणूस कुणाच्या हवाली करता येत नाही. आणि अमली पदार्थांच्या बाबतीत १९८५ च्या कायद्यातही, सेवन करणारा आपणहून उपचाराला गेला तर ठराविक गुन्ह्यांत त्याला खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद नंतर घालण्यात आली.

एवढे सगळे पुण्यामुंबईचे झाले. जामखेडचे काय?

जामखेडचे नाव आरोग्याच्या जगात वेगळ्याच कामासाठी गाजले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने ह्या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची मुख्य कल्पना साधी होती. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची, बहुधा न शिकलेली, पुष्कळदा दलित वस्तीतली. तिने जामखेडला येऊन शिकायचे आणि शिकलेले गावात वापरायचे. बाळंतपण, जुलाब, लसी ही कामे ती करू लागली. गावोगाव महिला मंडळे आणि शेतकरी मंडळे उभी राहिली, आणि बायका एकत्र बसू लागल्या तेव्हा घरातल्या दारूचा विषयही आपोआप पुढे आला.

त्या प्रकल्पाची आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. महारोगाच्या रुग्णांना तिथे वेगळ्या दवाखान्यात न पाठविता सगळ्यांच्याच रांगेत तपासले जाई. रोगापेक्षा लाज माणसाला जास्त कुजवते, हे आरोळे दांपत्याने ओळखले होते. व्यसनाची लाजही तशीच असते. बाप दारुडा म्हणून मुलीचे लग्न अडते; म्हणून घरचे लपवितात, आणि लपविण्यात दहा वर्षे निघून जातात. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा निष्कर्ष असा की, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ माणसांत एकालाच कोणता तरी उपचार मिळतो. दवाखान्यात राहून उपचार मिळणारा तर १८० त एक.

ही दरी मोठी केंद्रे बांधून भरून निघायची नाही. इथे गोव्याचा दाखला पाहण्यासारखा आहे. तिथे 'संगात' ह्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकविलेल्या स्थानिक सल्लागारांकडून घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी तीन-चार बैठकींत बोलणे करविले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निकाल छापून आला. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा, नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांत शंभरातले २६ जण धोक्याबाहेर आले होते, आणि ह्या बैठकी मिळालेल्यांत ३६. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. शिवाय ही माणसे अजून पुरती बुडालेली नव्हती. म्हणजे वेळेवर कोणी नीट बोलले तर पुष्कळांना केंद्राची पायरी चढावीच लागत नाही. जामखेडने १९७० मध्ये बाळंतपणाबाबत जे ओळखले तेच हे आहे: जवळच्या माणसाला शिकवा, तो पुष्कळ करू शकतो.

तेव्हा, वाचकहो, तुमच्या घरी किंवा शेजारी हा प्रसंग असेल तर निवड कशी कराल?

पहिले, आजार कुठवर गेला आहे ते डॉक्टरला दाखवा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर पहिल्या दोन दिवसांत कापरे, घाम आणि फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसे दिसू लागतात. ह्यात जीव जाऊ शकतो. 'देवाच्या नावाने सोडली आणि चौथ्या दिवशी गेला' असे आपण ऐकतो, त्यात पुष्कळदा हेच असते. योग्य औषधांनी आणि बी-१ जीवनसत्त्वाने हे दिवस सुखरूप काढता येतात. म्हणून ज्या केंद्रात डॉक्टर नाही तिथे असा माणूस ठेवू नका. गर्दसारख्या अफूच्या जातीच्या व्यसनात धोका उलट बाजूने येतो. काही आठवडे बंद राहून आलेल्या माणसाने पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर शरीराला ती सोसत नाही आणि श्वास थांबतो. अशांना ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ देत राहणे हा मान्य उपचार आहे. त्याला 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून नाके मुरडू नयेत.

दुसरे, केंद्र पाहायला स्वतः जा. नोंदणीचा कागद मागा. तिथे असलेल्या दोघातिघांशी एकांतात बोलू देतात का पाहा. खिडकीत तोंड घालून कोणी ओरडत असेल आणि व्यवस्थापक हसत असेल, तर परत फिरा. 'शंभर टक्के गॅरंटी' देणाऱ्याकडून तर तिथूनच निरोप घ्या. हा मधुमेहासारखा, पुन्हा उलटू शकणारा आजार आहे; प्रामाणिक माणूस त्याची हमी देत नाही.

तिसरे, घरच्यांना काय काम देतात ते विचारा. बायकोला, आईला बोलावत नसतील तर उपचार अर्धाच आहे. इतक्या वर्षांत तिचेही आयुष्य त्या बाटलीभोवती फिरलेले असते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे: परत आल्यावर काय? जामखेड तालुक्यातून, शेजारच्या पाथर्डी-आष्टी भागातून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. आषाढात पुण्याहून सुधारून आलेला माणूस कार्तिकात कारखान्याच्या थळात कोपीवर राहायला जातो. दिवसभर कोयता, रात्री अंगदुखी, आणि फडाच्या कडेला बाटली विकणारा हजर! अशा वेळी केंद्राचा फोन येतो का, गोळ्या बरोबर आहेत का, जवळ 'ए. ए.' ची सभा आहे का, टोळीत न पिणारा एक तरी जोडीदार आहे का, ह्यावर सगळे अवलंबून असते. म्हणून केंद्राला विचारा, 'सहा महिन्यांनी तुम्ही त्याची चौकशी कशी कराल?' ह्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे केंद्र साध्या इमारतीत असले तरी चालेल.

पैसा नसेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी केंद्रेही आहेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ ह्या क्रमांकावर आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी 'टेलि-मानस' १४४१६ वर. दोन्ही फोन फुकट आहेत.

दीडशे वर्षांत आपण व्यसनी माणसाला गिऱ्हाईक म्हणून पाहिले, गुन्हेगार म्हणून पाहिले, पापी म्हणून पाहिले. रुग्ण म्हणून पाहायला आपण अलीकडे कुठे लागलो आहोत. डॉक्टरचे काम काही आठवड्यांचे. पुढची वर्षे तो तुमच्यात काढणार असतो. तो परत येईल त्या दिवशी पारावर कोणी त्याला 'काय, किती दिवस टिकणार?' असे विचारू नये, लग्नाच्या पंगतीत कोणी हाताला धरून मांडवामागे नेऊ नये, आणि चुकून पाय घसरलाच तर 'आम्हांला ठाऊकच होते' म्हणण्याऐवजी त्याला पुन्हा केंद्राच्या गाडीत बसवून द्यावे. एवढे गावाला करता येण्यासारखे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.